आधी सभा, मंग पाणी

७ एप्रिल, सोमवार. दुपार.
आज अंबडहून आलं ते असं. प्रशिक्षणाची पुस्तिका, फुकट. कापडी पिशवी, वर 'माझा गाव, माझी सभा' छापलेलं, फुकट. जेवणाचा डबा, फुकट, त्यातली बालूशाही पदरात बांधून घरी आणली. शिट्टी एक, तीस रुपये, स्वतःच्या पैशानं. जीपचं भाडं मिळणार आहे. म्हणजे समाजसेवेचा एकूण खर्च तीस रुपये. शिट्टी मात्र खणखणीत वाजते.

प्रशिक्षणाच्या मॅडम म्हणल्या, ज्या वस्त्या मागं राह्यल्या तिथल्या बायांना ग्रामसभेत आणा, बोलतं करा. बाकीच्या बाया माना हलवून डब्याची वाट बघत होत्या. मी मनात संकल्प सोडला. नाल्यापलीकडची वस्ती मी बोलती करणार. सगळी ऊसतोडीची आणि वीटभट्टीची माणसं. गरीब, पण स्वभावानं चांगली. आमचं त्यांच्याशी रोजचं येणं-जाणं आहे. म्हणजे त्यांचं येणं.

वस्तीत नळ नाही. सरकारी नळ आमच्या फाटकाला लागून. पाइपाचा व्हॉल्व्ह आमच्या अंगणाच्या कडेला, आणि व्हॉल्व्हची लोखंडी चावी आमच्या देवघरात, गणपतीच्या तसबिरीमागं. हे पंचायतीत मेंबर होते तेव्हापासून. ह्यांची मेंबरकी गेली, चावी राह्यली. देवाची इच्छा. आधी आमची टाकी भरते, मंग मी नळाला पाणी सोडते. कधी कोणाला नाही म्हणलं नाही. पूजा चालू असली तर थांबावं लागतं इतकंच, कारण चावी सोवळ्यात असते.

पुढच्या खेपेला सरपंचपद बाईचं आहे असं बोलणं आहे. मला पदाचा मोह बिलकुल नाही. मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली ती कसर लागू नये म्हणून.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी.
उपास. भगर, शेंगदाण्याची आमटी. संध्याकाळी पुस्तिका उघडली, डोळा लागला. उद्यापासून वर्ग.

९ एप्रिल, बुधवार.
वर्ग सुरू. नियम एकच ठेवला: आधी सभा, मंग पाणी. सकाळी सातला शिट्टी. बाया रांगेत उभ्या होत्याच, हंडे घेऊन. मी ओट्यावर खुर्ची टाकून पान एक वाचलं. बाया शांत. मन लावून ऐकत होत्या.

मध्येच साळूबाई बोलली. ही वस्तीतली जुनी बाई, ऊसतोडीत हयात गेली, नवरा गेलेला, जीभ शाबूत. म्हणली, पाटलीनबाई, पाणी सोडता सोडता वाचलं तर न्हाई का चालायचं. मी म्हणलं, पाण्याच्या आवाजात लोकशाही ऐकू येत नाही. ती म्हणली, मंग लोकशाही जरा पातळ करा, भट्टीवर उशीर झाला की आर्धा दिवस कापून राह्यले.

पहिल्याच दिवशी सूचना आली. बोलती झाली म्हणायची.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती.
हजेरी कमी. कारण विचारलं तर म्हणे, उन्हात पाय भाजतात. ओट्यावर सावली आहे, पण ओटा परवाच सारवलाय आणि तुळस तिथंच आहे, गर्दी नको. त्यांना मी समजावून सांगितलं की पुस्तिकेत सावलीचा उल्लेख कुठं नाही.

पण मी हटवादी नाही. तोडगा काढला. तशीही बायांची रीत आहेच: हंडा रांगेत ठेवायचा आणि आपण आपल्या कामाला जायचं, नंबर हंड्याचा. मी म्हणलं, बराबर. सभेलाही तसंच. जिचा हंडा हजर ती बाई हजर. हजेरी मी हंड्यांवरून लावीन.

बाया एकमेकींकडं बघून राह्यल्या. साळूबाईनं दोनदा विचारलं, पाटलीनबाई, शब्द देता का. मी म्हणलं, हा घे, मारुतीच्या समोर शब्द दिला.

हे ऐकत होते. म्हणले, आता तू हंड्यांची सरपंच होणार. ह्यांना जेवायला बोलवायला उशीर केला.

१५ एप्रिल, मंगळवार.
हजेरी शंभर टक्के. एक्केचाळीस हंडे. प्रशिक्षणाच्या मॅडमनी बघायला पाहिजे होतं.

हजेरी लावणं सोपं झालं. बायांची तोंडं मला सारखीच वाटतात, हंडे वेगळे. पोचा आलेली पितळी कळशी म्हणजे नंदाबाई. निळा ड्रम म्हणजे बेबीनंदा, तिला जुळं झालं तेव्हापासून ती ड्रमच आणते. गळक्या बुडाला डांबर लावलेला हंडा साळूबाईचा. बाया नाल्याकडच्या लिंबाखाली बसतात. तिथं माझ्याच वाचनावर चर्चा करत असणार. अधूनमधून हसण्याचा आवाज येतो, त्याअर्थी विषय पोचतोय.

साळूबाई मात्र रोज समोर उभी. ऊन असो, काही असो. असा एक जरी श्रोता मिळाला तरी पुष्कळ.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी.
राजूरच्या गणपतीला नवस बोलले. वस्तीच्या बाया माझ्या सभेला आल्या तर एकवीस मोदक. साखरेचे. खव्याचे म्हणलेले नाही, हे देवाला आधीच स्पष्ट केलं. राजूरला जाऊन बोलायचं होतं, पण बस तीन बदलाव्या लागतात. तसबिरीवर भागवलं.

१९ एप्रिल, शनिवार.
ग्रामसेविका सत्यशीला घरी आली. पोरगी हुशार आहे, चहा बिनसाखरेचा घेते हे मला आवडतं.

म्हणली, काकू, वस्तीच्या नळाची लाइन दोन वर्षांपासून मंजूर आहे. लाइन कुठून न्यायची, व्हॉल्व्ह कुठं बसवायचा, चावी कोणाकडं, ह्याचा महिला सभेत ठराव पाहिजे. एक मेच्या ग्रामसभेआधी नाही झाला तर पैसा परत जाईल, आणि वस्ती पुन्हा तुमच्या फाटकात.

मी म्हणलं, वस्तीतल्या बायांना लाइन नको आहे. ती म्हणली, त्यांनी सांगितलं का. मी म्हणलं, सांगायला कशाला पाहिजे, आम्ही रोज भेटतो. घरात नळ आला की घरोबा तुटतो. पुण्याला माझ्या जावेकडं बघ, शेजारीण कोण ते माहीत नाही.

सभा तीस तारखेला अकरा वाजता शाळेत आहे म्हणली. मी म्हणलं, शाळेचे पत्रे तापतात, आमच्या अंगणात घे. मी कधीची तयारी करून राह्यले. ती हसली. हसली म्हणजे हो म्हणली.

२१ एप्रिल, सोमवार.
ठराव मीच लिहून ठेवला, बायांना तसदी नको. ठराव असा की वस्तीच्या लाइनीऐवजी आमच्या फाटकातल्या नळावर पत्र्याचं शेड करावं, वर गणपतीचं चित्र, खाली 'सौ. दैवशाला यांच्या प्रयत्नातून'. सावलीची तक्रार त्यांचीच होती. जनतेची मागणी आणि माझा ठराव एकच निघाला, ह्याला लोकसहभाग म्हणतात.

सकाळी पान नऊ वाचलं. महिला सभेत कोणतीही बाई ठराव मांडू शकते. हात वर करून मंजूर होतो. तो ग्रामसभेपुढं ठेवावाच लागतो. साळूबाईनं ते पान पुन्हा वाचायला लावलं. मंग आणखी एकदा. तिला वाचन ऐकायची गोडी लागली. मंग म्हणली, ठरावाला अंगठा लागतो का नुसता हात. मी म्हणलं, नुसता हात. ती म्हणली, नुसता हात तर आमच्याकडं हायच की.

हसले मी. भोळी आहे.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी.
उपास. टाकी उशिरा भरली, मी आधी अंगण धुऊन घेतलं, सभेचं अंगण म्हणून. नळाला पाणी करंगळीएवढं आलं. निळा ड्रम भरला नाही. बेबीनंदा म्हणली, काकू, जुळी दोघं तापानं फणफणली आहेत, पुसून घ्यायला तरी पाणी पाहिजे. मी म्हणलं, आज एकादशी, आमच्याकडं सोवळ्याचं पाणी वेगळं काढलेलं असतं, त्यातून देता येत नाही. नाहीतर मी कधी नाही म्हणलं नसतं. रामरक्षा म्हण म्हणलं. ती रिकामा ड्रम गडगडत घेऊन गेली. आवाज फार होतो प्लास्टिकचा.

साळूबाईनं पुस्तिका मागितली. वाचता येत नाही, पण सुनेला येतं म्हणे. दिली. फुकटचीच होती.

२७ एप्रिल, रविवार.
पुस्तिका परत आली. पान नऊवर तेलाचा डाग. वस्तूची किंमत नसते ह्या बायांना.

२८ एप्रिल, सोमवार.
नामी युक्ती सुचली. परवा आखिती. चैत्राचं हळदीकुंकूही राह्यलंय. सभा आणि हळदीकुंकू एकत्र केलं तर एका डाळीत दोन कार्यं. कैऱ्या अंगणातल्याच. पन्हं थोडं पातळ ठेवते, लोकशाहीसारखं.

प्रश्न विधवा बायांचा. हळदीकुंकू सवाष्णींचं. त्यांना भिंतीपलीकडं बसवायचं ठरवलं, आवाज ऐकू येतो. साळूबाई म्हणली, पाटलीनबाई, आमी सातआठ जणी तशा हाव. आमचा हात वर झाला तर मोजता का. मी म्हणलं, हळदीकुंकवाला नाही, सभेला मोजू. म्हणली, हळदीकुंकू कुठं संपतं अन् सभा कुठं सुरू होती, ते कसं कळायचं भिंतीपलीकडून. मी म्हणलं, शिट्टी वाजवीन.

ती म्हणली, बराबर. आन् हंडा ठेवला म्हंजी बाई आली, हा शब्द हाय ना आजून. मी म्हणलं, मारुतीसमोर दिलेला शब्द आहे.

३० एप्रिल, बुधवार. आखिती.
पहाटे. नवी घागर पुजली, वाळा घातला. आजच्या दिवशी पाणी दिलं तर पुण्य अक्षय राहतं. म्हणून पाणी सभेनंतर सोडणार, म्हणजे पुण्य आणि उपस्थिती दोन्ही पक्की.

साडेदहा. हंडे यायला लागले. मोरपंखी साडी नेसले.

पावणेअकरा. एक्केचाळीस पूर्ण. वर दोन नवे. निळा ड्रमही आला. बाया हंडा ठेवून चालल्या. लिंबाखाली असतील.

अकरा. शिट्टी वाजवली. लिंबाखाली कोणी नाही. पाणी प्यायला गेल्या असतील. पाणी आमच्याकडंच आहे, म्हणजे दुसरीकडं गेल्या असतील.

सव्वाअकरा. सत्यशीलाचा पत्ता नाही. सरकारी माणसं वेळ पाळत नाहीत, म्हणून देश मागं आहे. मी भाषण सुरू केलं. हे खिडकीतून बघत होते. खिडकी लावून घ्या म्हणलं.

पावणेबारा. कुंकू कालवलेलं वाळून चाललं. टाकून द्यायचं का. मंग हंड्यांनाच लावलं. एकेका हंड्याला हळद, एकेका हंड्याला कुंकू, वर चिमूटभर डाळ ठेवली, ती नंतर काढून घेतली. हजेरी हंड्यांची तर मान हंड्यांचा. शास्त्राला धरून आहे.

बारा. ठराव मांडला. नळावर शेड. विरोध कोणाचा आहे का असं तीनदा विचारलं. कोणी काही बोललं नाही. एकमतानं मंजूर.

साडेबारा. बाया आल्या. लिंबाकडून नाही, शाळेकडून. घोळक्यानं, हसत. कोणाच्या हातात बिस्किटाचा पुडा. पंचायतीनं दिला म्हणे. आम्हाला प्रशिक्षणात बालूशाही होती, असो.

मी म्हणलं, कुठं गेल्ता. नंदाबाई म्हणली, आमी इथंच व्हतो की काकू, तुमीच हजेरी लावली. सगळ्या खळखळून हसल्या. मी पण हसले, खेळीमेळीचं वातावरण ठेवावं लागतं.

साळूबाई आपल्या हंड्यासमोर उभी राह्यली. डांबराच्या वर कुंकवाचं बोट. बराच वेळ बघत होती. म्हणली, पाटलीनबाई, मला लावीत न्हाई कोणी. माझ्या हंड्याला तरी लावलं.

ऊन फार होतं. पाणी सोडलं.

तीच तारीख. संध्याकाळ.
सत्यशीला कागद घेऊन आली. महिला सभा शाळेत झाली म्हणे, वस्तीच्या सगळ्या बाया होत्या, विधवा पहिल्या रांगेत. ठराव मांडला साळूबाईनं. लाइन गावच्या टाकीवरून सरळ वस्तीत. व्हॉल्व्ह नाल्यापलीकडं. आमच्या फाटकातला नळ बंद. आमच्या घराला पाणी त्या लाइनीच्या शेवटाला. चावी साळूबाईकडं.

मी म्हणलं, मला का नाही बोलावलं. ती म्हणली, काकू, मी तुमच्या घरी येऊन सांगून गेले होते, अकरा वाजता शाळेत. दवंडीही दिली होती. आठवलं. शिट्टीच्या आवाजात दवंडी नीट ऐकू आली नसेल.

विचार केला तर हा माझाच विजय आहे. बोलत्या केल्या त्या मीच.

१ मे, गुरुवार.
ग्रामसभा. मोरपंखी साडी पुन्हा, कालची घडी मोडलेलीच होती. महिला सभेचा ठराव वाचला गेला. ज्यांची मंजुरी त्यांनी हात वर करा म्हणले. तेवढ्यात माझा पदर घसरला, तो सावरायला हात वर गेला. मोजला.

आभार मानताना साळूबाई उभी राह्यली. म्हणली, पुस्तिका पाटलीनबाईंची, पान नववं, त्यांनीच तीनदा वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. हे सगळ्यात जोरात वाजवत होते.

३ मे, शनिवार.
चावी न्यायला आल्या. मी म्हणलं, पूजा चालू आहे, चावी सोवळ्यात आहे, थांबावं लागेल. साळूबाई म्हणली, थांबतो की. आमाला सवय हाय.

आणि सगळ्या ओट्यावर येऊन बसल्या. सावलीत. बेबीनंदानं जुळ्यांपैकी एकाला तुळशीच्या कट्ट्याला टेकवून झोपवलं. त्याचा ताप उतरलेला दिसला. मी आरती जल्दी आटोपली, कापूर निम्माच जाळला, उरलेला डबीत ठेवला. चावी दिली. तसबिरीमागं भिंतीवर गंजाचा डाग राह्यलाय, चावीच्या आकाराचा. गणपती जरा पुढं झुकलेला वाटतो.

नवसाचे मोदक द्यायचे का हा प्रश्न आहे. बाया माझ्या सभेला आल्या नाहीत. पण सभेला आल्या. देवाला विचारते.

२६ मे, सोमवार.
पैसा परत जाईल ह्या भीतीनं ठेकेदारानं पाइप पळत पळत टाकले. वस्तीत दोन नळ बसले. रांग आता तिकडं. आमच्या फाटकात सकाळी कोणी नसतं. सवयीनं सातला शिट्टी वाजवली. कुत्रं आलं.

मन लागत नाही. घरोबा तुटतो हे मी आधीच म्हणलं होतं.

५ जून, गुरुवार.
तिसरा दिवस, टाकीत थेंब नाही. लाइनीच्या शेवटाला पाणी कधी येतं ते चावीवालीला माहीत. हे म्हणतात, जाऊन विचार. नाला ओलांडून जाणं शोभत नाही. फोन करावा तर नंबर नाही. इतकी वर्षं रोज दारात होती, नंबर घ्यायचा राह्यला.

उद्या निर्जला एकादशी. ह्या वर्षी वेगळं काही करायची गरज नाही.

कपाटात एक पोस्टकार्ड शिल्लक होतं. पत्ता लिहायला घेतला तर आडनाव माहीत नाही. 'साळूबाई, चावीवाल्या, नाल्यापलीकडं' असं लिहिलं. पोस्टमनला बराबर कळतं म्हणे. मजकूर इथं उतरवून ठेवते.

श्रीमती साळूबाई यांना दैवशालाचा नमस्कार. तुमच्या सभेचं कौतुक सगळीकडं होऊन राह्यलं, समाधान वाटतं. आमच्याकडं पाणी कधी सोडता ते कळलं नाही. रांगेला यायचं तर ऊन फार आहे आणि माझे पाय भाजतात. तरी सकाळी आमचा पितळी हंडा तुमच्या नळावर ठेवून पाठवला, तर मी आले असं धरता का, ते कृपा करून उलट टपाली कळवावे.